खरूज : कातडीपासून मूत्रपिंडापर्यंत

वसतिगृहात राहिलेल्या माणसाला खरूज ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. ‘अंघोळ करीत नाही म्हणून झाली’ हा शेराही ठरलेलाच. या शेऱ्याच्या भीतीने मुले खाज लपवितात. लपविलेली खरूज शरीरात कोठवर पोहोचते, हे पालकांना कळावे म्हणून आम्ही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

खरूज होते ती गोचिडाच्या कुळातील एका आठ पायांच्या जीवामुळे. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरून रोज दोन-तीन अंडी घालते. त्यामुळे साबणाने कितीही घासले तरी ती निघत नाही. सामान्य रुग्णाच्या अंगावर असे जीव जेमतेम 10-15 असतात. मग एवढी खाज कशाची? हा जीव, त्याची अंडी व विष्ठा यांविरुद्ध शरीर जो प्रतिकार उभारते, त्याची ती खाज. पहिल्यांदाच लागण झालेल्या मुलात हा प्रतिकार जागा होण्यास 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मूल निरोगी दिसते आणि शेजारी झोपणाऱ्यास लागण देत राहते. खरूज घरून आली की वसतिगृहातून, हा दर सुटीनंतरचा वाद म्हणूनच निष्फळ होय.

खाजवून कातडी फाटली की जंतूंना वाट मिळते. त्यांत स्ट्रेप्टोकोकस हा विशेष घातक. फोड पिकतात, पिवळट खपल्या धरतात. इथवरचे डोळ्यांना दिसते. पुढे या जंतूंचे अंश आणि त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे एकमेकांस चिकटून मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या जाळ्यांत साचतात व तेथे दाह होतो. फोड येऊन साधारण 3 ते 6 आठवडे लोटल्यावर, म्हणजे घरचे सारे फोड विसरलेले असताना, सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. लघवी कमी व काळ्या चहासारखी होते. बहुतेक मुले उपचाराने पूर्ण बरी होतात. मात्र रक्तदाब फार चढल्यास झटके येऊ शकतात; अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

खरजेवर डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. खाजते तेवढ्याच जागी ते चोळणे व्यर्थ. मोठ्या मुलांना ते गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीही लावून रात्रभर ठेवावे लागते, आणि आठवड्याने पुन्हा. खोलीतील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावावे. चादरी व कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. उपचारानंतरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोळू नये. सुटीत मुलावर घरी उपचार झाला असेल, तर पालकांनी शाळेस अवश्य कळवावे, म्हणजे त्याच्या खोलीतील इतर मुलांनाही वेळीच औषध देता येईल.