नवतप्यातली कॅलेथिया
घरातली झाडं : लेखांक ६

मागच्या लेखांकात कुंडीतल्या मातीचं बघितलं. माती चांगली आणि पाणी वेळेवर असलं, तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत मे महिना लागला की कॅलेथियाची पानं कडेने करपायला लागतात. नर्सरीत विचारलं तर उत्तर ठरलेलं: हवेत ओलावा नाही, दिवसातून तीनदा स्प्रे मारा. हा सल्ला अर्धा खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी झाडं जातात.

कॅलेथिया मूळची दक्षिण अमेरिकेच्या घनदाट जंगलातली, तीही तळातली. वर मोठ्या झाडांचं छत, खाली गडद सावली, दमट आणि जवळजवळ न हलणारी हवा. म्हणून तिची पानं रुंद आणि पातळ. अशी कुंडी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पश्चिमेच्या खिडकीत राहिली की दुपारी दोनच्या सुमारास पान तेंदूपत्त्याची विडी वळावी तसं आत वळतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उघडा भाग कमी करून ते पाणी वाचवत असतं. संध्याकाळी उलगडलं, तर निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही वळलेलंच दिसलं, तर मात्र मुळांकडून पुरवठा तुटला असं समजा.

आता थोडा हिशेब करू, कारण सगळी गोम तिथेच आहे. ४५ अंशांची दुपार आणि २० टक्के आर्द्रता धरा. एवढ्या तापलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ६५ ग्रॅम बाष्प मावतं. त्याच्या २० टक्के म्हणजे १३ ग्रॅम. आता डिसेंबरची सकाळ घ्या, १५ अंश आणि ७५ टक्के. त्या हवेत मावतंच जेमतेम १३ ग्रॅम आणि असतं साडेनऊच्या आसपास. म्हणजे मे महिन्याच्या रखरखीत दुपारी हवेत प्रत्यक्ष पाणी डिसेंबरपेक्षा जास्त! फरक पडतो तो हवेच्या हावेत. डिसेंबरची हवा आणखी तीन-साडेतीन ग्रॅम घेऊन तृप्त होते, मेची हवा बावन्न ग्रॅम मागते. ती मागणी पानातून पुरवली जाते. दोरीवरचे कपडे नवतप्यात अर्ध्या तासात कडक होतात आणि श्रावणात दोन दिवस ओलसर राहतात, ते याच कारणाने.

म्हणून आर्द्रतामापकावरच्या टक्क्यांच्या मागे लागण्यापेक्षा आधी कोपरा थंड करा. तीच हवा पाण्याचा थेंबही न वाढवता ४५ वरून ३० अंशांवर आणली, तर आर्द्रता आपोआप २० वरून ४५ टक्क्यांच्या आसपास जाते. पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो, त्यांच्यापासून कुंडी लांब हवी. जुन्या मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूच्या घरातलं माजघर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, फक्त उजेड पुरेसा हवा.

आपल्याकडे दुसरं हत्यार घरोघरी आहेच, कूलर. ताट्यांवरून पाणी उतरतं, बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढली जाते, पाणी उडताना हवा गार होते आणि दमटही. वैदर्भीय उन्हाळ्यासाठी याहून चांगलं ह्युमिडिफायर कुठल्या दुकानात मिळणार नाही. एसी तापमान उतरवतो, पण हवेतलं बाष्पही टिपून नळीवाटे बाहेर टाकतो. पातळ पानांच्या झाडाला कूलरची खोली मानवते. पथ्यं दोन. कुंडी थेट झोतात नको, कारण पानाला चिकटून असलेला दमट हवेचा पातळ थर वारा सतत पुसून नेतो. झोत जिथे विरतो तो कोपरा धरा. आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद असली की हवा दमट होत जाते आणि कूलर गार करायचा थांबतो. माणसं घामाघूम होतात, झाडाला मात्र बुरशी लागते.

स्प्रेबद्दल. नवतप्यात पानावर मारलेलं पाणी काही मिनिटांत उडतं, मागे क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. चंद्रपूर जिल्ह्यात काही भागांतल्या भूजलात फ्लोराईडही जास्त आहे. ड्रसिना आणि स्पायडर प्लांट यांची पानं टोकाकडून तपकिरी होतात तेव्हा दोष हवेला दिला जातो, पण ही झाडं फ्लोराईडलाही अशीच टोकं जाळून उत्तर देतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी तर कुंडीत मुळीच ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचत जातात. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणीही नको, ते हाताला चटका देतं; मुळं काय म्हणत असतील! पाणी पहाटे घाला. पावसाळ्यात ड्रमभर पावसाचं पाणी धरून ठेवलं, तर अशा नाजूक झाडांना बरेच दिवस पुरतं.

स्प्रेपेक्षा ओलं फडकं उपयोगाचं. महाऔष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, घुग्गुसकडचं सिमेंट यांच्या कृपेने चंद्रपुरात पानावर धूळ बसायला आठवडा लागत नाही. पान पुसताना उलटं करून बघा. शिरेच्या कडेने बारीक जाळी आणि हलणारे राईहून लहान ठिपके दिसले, तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत त्याची पैदास झपाट्याने होते. पान दोन्ही बाजूंनी धुवून काढा आणि कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

कोळशाच्या धुराशी झाडांचं हे भांडण जुनं आहे. लंडनचे डॉक्टर नॅथानिएल वॉर्ड यांची नेची शहराच्या धुराने मरत. १८२९ मध्ये बंद बाटलीतल्या ओल्या मातीत त्यांना नेचं उगवलेलं दिसलं आणि त्यातून काचपेटीत झाडं वाढवण्याची रीत निघाली. आजचं टेरॅरियम त्याचंच वंशज. मात्र लंडनचा तो उपाय इथे खिडकीत ठेवू नका. मेच्या उन्हात बंद काचेत झाड शिजतं.

मृगाचा पाऊस स्थिरावला की सगळं उलटं होतं. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो त्या दिवसांत घरातल्या आर्द्रतेची काळजी कुणी करायची गरज नाही. ती घराबाहेर कशी घालवायची, हा प्रश्न असतो. उन्हाळ्यात एकमेकांना चिकटून ठेवलेल्या कुंड्या आता सुट्या करा, पंखा हळू फिरता ठेवा, पाणी निम्म्यावर आणा. या भागात मेमध्ये वाचलेली झाडं ऑगस्टमध्ये कुजून जातात, कारण हात उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालत राहतो.

इथलं जंगल हा पेच कसा सोडवतं, ते बघण्यासारखं आहे. सागवानाचं जंगल मेमध्ये जवळपास निष्पर्ण असतं, ऊन थेट जमिनीवर येतं. कॅलेथियाच्याच गणातली रानहळद तेव्हा जमिनीवर दिसत नाही. कंद खाली निजलेला असतो आणि पाऊस पडल्यावर पानं वर येतात. रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा हे ऑर्किड, झाडाच्या खोडावर उघड्यावर उन्हाळा काढतं. पानं जाड, त्यावरची रंध्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडणारी. मुळांवर मृत पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं, कोरडं असताना चंदेरी, पाणी मिळताच हिरवट.

माझं मत विचाराल तर इथल्या घरात पहिलं झाड कॅलेथिया नसावं. मनीप्लांट, सापाच्या पट्ट्यांचं सॅन्सेव्हेरिया, कुंडीतली हळद यांनी सुरुवात करा. कूलरचा कोपरा ओळखीचा झाला की मग कॅलेथिया आणा. आणि रास्ना आवडली तर नर्सरीत वाढवलेलं व्हँडा विकत घ्या. जंगलातल्या खोडावरून खरवडून आणू नका. राखीव जंगलातून परवानगीशिवाय असं काही उचलणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.