परतीच्या अटीवरची विद्या

परदेशी शिक्षणाचा इतिहास सांगू लागले की मराठी लेखणी आपोआप फिलाडेल्फियाकडे वळते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले, ही हकीकत वाचकांना पाठ आहे. परंतु ते महाविद्यालय खाजगी होते आणि केवळ स्त्रियांसाठी होते. त्याच काळात अमेरिकेत जनतेच्या करावर पोसली जाणारी, हजारो विद्यार्थ्यांची, अध्यापनाइतकेच संशोधनाला महत्त्व देणारी सरकारी विद्यापीठे आकार घेत होती. त्यांची दारे आशियातील स्त्रियांसाठी कोणी उघडली आणि कोणत्या अटीवर उघडली, याची चर्चा त्या मानाने कमी होते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी, एका वकिलाच्या पत्रापाशी आणि एका मल्याळी वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीपाशी येऊन थांबावे लागते.

मिशिगन विद्यापीठाची स्थापना १८१७ मध्ये डेट्रॉइट येथे झाली आणि २० वर्षांनी ते ॲन आर्बरला हलले. त्याला ‘सार्वजनिक’ का म्हणायचे, हे १८७३ च्या एका कायद्यावरून नेमके कळते. राज्यातील करपात्र मालमत्तेच्या दर हजार डॉलरमागे पाच सेंट विद्यापीठासाठी राखून ठेवावेत, असे त्या कायद्याने ठरवले. शेतावर कर भरणारा शेतकरी आणि गिरणीवर कर भरणारा मालक, दोघेही अशा रीतीने विद्यापीठाचे पोशिंदे झाले. या हिशेबात एक जुनी नोंद मात्र बहुधा गाळली जाते. १८१७ च्या फोर्ट मिग्झ येथील तहात ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या मूळ रहिवासी जमातींनी, आपली मुले पुढे येथे शिकतील या अपेक्षेने, नवजात विद्यापीठाला जमीन दिली होती. ती जमीन पुढे विकली गेली आणि पैसा विद्यापीठाच्या निधीत जमा झाला. ज्यांच्या मुलांसाठी ती दिली गेली त्यांच्यापैकी कितीजणांना त्या वर्गांत बसायला मिळाले, हा प्रश्न या विद्यापीठाच्या औदार्याची कोणतीही गोष्ट सांगताना बाजूला ठेवता येत नाही.

स्त्रियांना मिशिगनने १८७० मध्ये प्रवेश दिला. १८९६ मध्ये तेथून वैद्यकीय पदवी घेणाऱ्यांत शी मेइयू आणि कांग चेंग या दोन चिनी तरुणी होत्या. त्या मायदेशी परतल्या आणि रुग्णालये चालवू लागल्या. डेट्रॉइटचे वकील आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी सदस्य लेव्ही बार्बर आशियाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा आपल्याच विद्यापीठात शिकलेल्या डॉक्टर स्त्रियांचे काम त्यांनी पाहिले आणि ते भारावून गेले. १९१७ मध्ये त्यांनी पौर्वात्य स्त्रियांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला आणि त्यामागचा हेतू विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्राने कळवला.

पत्राचा आशय थोडक्यात असा, की पूर्वेकडील मुलींना येथे आणावे, त्यांना पाश्चात्त्य शिक्षण द्यावे, त्यातले जे चांगले वाटेल ते त्यांनी सोबत न्यावे आणि आपापल्या लोकांत रुजवावे. या पत्राचे दोन धागे वेगळे करून पाहावे लागतात. पहिला धागा निःसंशय उदार आहे. काय चांगले हे ठरवण्याचा अधिकार पत्राने मुलींकडे सोपवला आहे, धर्मांतराची अट घातलेली नाही आणि विषयाचे बंधनही नाही. दुसऱ्या धाग्यात त्या काळची समजूत दिसते. विद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणार आणि उलट दिशेने केवळ मुली येणार, असे पत्र गृहीत धरते. येताना त्या स्वतःसोबत काही ज्ञान घेऊन येतील, ही शक्यता बार्बर यांच्या मनात डोकावलेली दिसत नाही.

मुली परत जाव्यात अशी इच्छा दात्याची होती आणि देशाचा कायदाही तेच सांगत होता. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे स्थलांतर बंद केले, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले आणि १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली दारे लावून घेतली. एक फट तेवढी राहिली. वयाची पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मान्यताप्राप्त संस्थेत केवळ शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची सवलत होती. राहायचे नाही, रुजायचे नाही, शिकून निघायचे, हीच परदेशी विद्यार्थ्याची कायद्यातील ओळख ठरली.

याच १९२४ मध्ये एडवलेत कक्कट जानकी अम्माळ अमेरिकेला निघाल्या. १८९७ मध्ये तेल्लिचेरी येथे त्यांचा जन्म झाला होता, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती आणि मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात त्या शिकवत होत्या. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर कागदपत्रांची तड लागेपर्यंत त्यांना अडकवून ठेवण्यात आले. त्यांचा रेशमी वेष आणि लांब केस पाहून त्या भारतीय राजकन्या आहेत काय, अशी विचारणा झाली आणि त्यांनी ती नाकारली नाही, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते. ॲन आर्बरमध्ये त्या मार्था कुक या स्त्रियांच्या वसतिगृहात राहिल्या, बार्बर शिष्यवृत्तीवर मास्टर्सची पदवी घेऊन परतल्या, पुन्हा गेल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाल्या. त्याच दशकात चीनच्या वू यीफांग याच शिष्यवृत्तीवर तेथे जीवशास्त्र शिकल्या. पुढे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करणाऱ्या चार स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

मोठ्या संशोधन विद्यापीठाने जानकी अम्माळ यांना नेमके काय दिले, याचे उत्तर पदवीपत्रात सापडत नाही. हार्ली हॅरिस बार्टलेट यांच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्या पेशिकाशास्त्र शिकल्या. सजीवाच्या पेशीतील रंगसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धाग्यांसारखे घटक, पाहणे, मोजणे आणि त्यांची रचना समजून घेणे हे या शास्त्राचे काम. त्या काळी त्यासाठी मुळाचे टोक किंवा उमलायच्या आधीची कळी रसायनात बुडवून पेशी होत्या त्या स्थितीत थिजवत, मेणात घट्ट बसवत, यंत्राच्या पात्याने त्याचे अतिशय पातळ काप काढत, ते काचपट्टीवर रंगवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते कागदावर हाताने काढून घेत. नजर, हात आणि धीर या तिन्हींची ही विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही. सोबत चांगली भिंगे, वनस्पती वाढवण्याच्या बागा आणि चुका दाखवणारे शेजारी लागतात, आणि हे सारे एका छपराखाली जमवणे राज्याच्या करावर चालणाऱ्या संस्थेला शक्य होते.

प्रबंधासाठी त्यांनी निवडलेली वनस्पती निकँड्रा ही होती. मूळची पेरूकडची, वांगी आणि मिरची यांच्या कुळातली, निळसर फुलांची आणि पोपटीसारख्या फुगीर आवरणात फळ झाकणारी ही वनस्पती जगभर तण म्हणून पसरलेली आहे. डॉक्टरेट मिळाल्यावर विद्यार्थी बहुधा प्रबंधाचा विषय मिटवून टाकतात. जानकी अम्माळ मात्र १४ वर्षांनी, लंडनजवळच्या जॉन इनिस संस्थेत सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत काम करताना, पुन्हा याच तणाकडे वळल्या. १९४५ मध्ये दोघांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष विलक्षण आहे. निकँड्राच्या काही बियांत २० रंगसूत्रे असतात, तर काहींत १९. कमी पडते ते एक छोटे समभुज रंगसूत्र, म्हणजे ज्याच्या दोन्ही भुजा एकसारख्या असतात असे. वीसची बी लगेच रुजते, एकोणीसची बी मातीत थांबून राहते आणि मागाहून उगवते. पहिला पाऊस फसवा निघाला, वर उगवलेली सारी रोपे करपली, तरी तणाची पुढची पिढी जमिनीखाली शाबूत असते. दुबार पेरणीचे दुःख ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला या व्यवस्थेचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. ॲन आर्बरमध्ये हाती आलेल्या प्रश्नाचा हा माग इंग्लंडमध्ये येऊन पूर्ण झाला.

मधल्या काळातील नोकऱ्यांची यादी लांब आहे. त्यातली कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रातील वर्षे महाराष्ट्राला जवळची आहेत, कारण येथील शेतांत रूढ झालेल्या को ७४० किंवा को ८६०३२ या वाणांच्या नावांतला ‘को’ म्हणजे कोईमतूरच. जानकी अम्माळ तेथे उसाच्या रानटी भाऊबंदांची रंगसूत्रे तपासत होत्या आणि ऊस व मका यांचा संकर त्यांनी साधला. १९३९ मध्ये एडिंबरोच्या आनुवंशशास्त्र परिषदेला त्या गेल्या असताना महायुद्ध सुरू झाले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लिहिलेला लागवडीच्या वनस्पतींचा रंगसूत्र-कोश १९४५ मध्ये निघाला. विस्ली येथील बागेत त्यांच्या नावाची मॅग्नोलिया आहे.

नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेच्या फेररचनेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण वाद उभा राहतो. भारतात गोळा केलेले वनस्पतींचे मूळ नमुने दीडशे वर्षे लंडनच्या क्यू उद्यानात जमा होत आले होते आणि भारतीय संशोधकाला आपल्याच डोंगरातील वनस्पतीची खात्री करून घ्यायला तिकडे जावे लागत होते. सर्वेक्षणाची घडी भारतीय गरजांवर बसावी, असा जानकी अम्माळ यांचा आग्रह होता. १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची नेमणूक झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले हे स्पॅनिश जेझुइट पंडित खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथामुळे सह्याद्रीच्या अभ्यासकांना आजही आदरणीय आहेत. तरीही ही नेमणूक जानकी अम्माळ यांच्या जिव्हारी लागली. क्यूच्या परंपरेची सरशी झाली, अशी भावना त्यांनी डार्लिंग्टन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात व्यक्त केली. सांतापाव यांची विद्वत्ता वादातीत आहे. पण वादाचा मुद्दा व्यक्तीचा नव्हताच. नमुने कोणाच्या कपाटात राहणार आणि त्यांना नावे देण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हा तो मुद्दा होता, आणि तो उपस्थित करणारी स्त्री स्वतः परदेशी विद्यापीठात घडलेली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. परदेशी शिक्षणाने मन परके होते, या जुन्या आक्षेपाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

१९५५ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या. मानवाने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावर प्रिन्स्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात निमंत्रितांमध्ये त्या एकट्या स्त्री होत्या. त्यांनी मांडलेला विषय होता भारतातील उदरनिर्वाहाची अर्थव्यवस्था, म्हणजे बाजारासाठी न पिकवता घरापुरते पिकवणाऱ्या आणि रानातून आणून खाणाऱ्या लोकांचे जगणे. बार्बर यांच्या पत्रात कल्पिलेल्या वाटेवरून त्या या वेळी उलट दिशेने चालत गेल्या होत्या आणि शिकवत होत्या. पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ऑफ लॉज ही पदवी दिली. नंतर काही काळ त्यांनी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात काम केले, १९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या आणि १९८४ च्या फेब्रुवारीत, मदुरावोयल येथील संशोधन प्रयोगशाळेत काम सुरू असतानाच, त्यांचे निधन झाले.