रेडिओ बंद झाल्यावर

गावाविषयीचा रेडिओ कार्यक्रम म्हटले की आपण स्टुडिओतल्या माणसांची आठवण काढतो: निवेदकाचा ठसकेबाज आवाज, संवादातली बोली, आलेल्या तज्ज्ञांचा अधिकार. पुणे नभोवाणी केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात केलेला प्रयोग पाहिला, तर कार्यक्रमाचा जीव रेडिओच्या अलीकडच्या बाजूला, सतरंजीवर बसलेल्या माणसांत होता असे म्हणावे लागते. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास प्रक्षेपण. १० आठवड्यांत २० कार्यक्रम. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेले आपल्या शिवाराला लागू पडते का, यावर बोलायचे. चर्चेचा वृत्तान्त आणि मंडळाच्या शंका पुण्याला जात आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात मिळत. कल्पना कॅनडाची, तिथले शेतकरी १९४१ पासून असे जमत होते. पुण्यातल्या प्रयोगाला पाठबळ युनेस्कोचे होते.

प्रयोगाचे मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. अभ्यासकांनी नुसती मंडळांची गावे पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावेही शेजारी ठेवली. मंडळांच्या गावांत विषयांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ नगण्य होती. हवेतून येणारा कार्यक्रम दोन्हीकडे तोच, निवेदक तोच, बोलीही तीच. तेव्हा फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १० आठवडे म्हणजे नव्याची नवलाई. सरकारी माणसे गावात येताहेत, विचारपूस करताहेत, म्हटल्यावर उत्साह वाढणारच. हे खरे धरले तरी मुद्दा ढळत नाही. आपले म्हणणे कोणी ऐकते आहे, ही जाणीव म्हणजे प्रयोगात शिरलेली भेसळ नव्हे. प्रयोगाचा तोच तर गाभा. पत्राला उत्तर येते हे दिसल्यावरच माणूस दुसरे पत्र लिहितो. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. मंडळे जवळजवळ पुरुषांचीच होती. पाणी, बियाणे, जनावरे यांचे निम्मे काम जिच्या अंगावर, ती त्या चर्चेत नव्हती. म्हणजे ‘गाव बोलले’ असे म्हणताना अर्धेच गाव धरले जाते. याचे समर्थन होऊ शकत नाही. फक्त एवढेच, की हा दोष बसणाऱ्यांच्या निवडीचा होता, बसून बोलण्याच्या रीतीचा नव्हे.

१९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली आणि पुढे ती विरत गेली. ट्रान्झिस्टर आला म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. खिशातला रेडिओ माणसाला एकट्याने ऐकायला शिकवतो हे खरेच, पण चहाच्या टपरीवर क्रिकेटचे समालोचन घोळक्याने ऐकणारे लोकही त्याच ट्रान्झिस्टरभोवती उभे असत. प्रक्षेपण वाढवायला मनोरा पुरतो. मंडळ टिकवायला मात्र वृत्तान्त लिहिणारा चिटणीस लागतो आणि केंद्रात ती टपाले वाचणारा माणूस. या दुसऱ्या खर्चाचा हिशेब योजनांच्या कागदावर क्वचितच नीट बसतो. आजच्या फोन-इन कार्यक्रमांनी परतीची वाट मोकळी केली असे वाटते, तरी त्यात एक श्रोता एका तज्ज्ञाशी बोलतो आणि बाकीचे कान देतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला खोडून काढण्याची सोय तिथे नाही.

२००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने मिळू लागले. त्यानंतर २००८ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, ती बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेची. प्रक्षेपणाचा पल्ला तोकडा, हे अशा केंद्रांचे दुबळेपण म्हणून सांगितले जाते. पण पल्ला तोकडा असला की बोलणारी आणि ऐकणारी एकाच आठवडी बाजारात भेटू शकतात, आणि कार्यक्रमात सांगितलेले चुकले असेल तर भाजीच्या पाटीपाशी उभे राहून तसे तोंडावर सांगता येते.