पुरुषी संप्रेरक : आधी तपासणी, मग इंजेक्शन

मंडळी, घराच्या हप्त्यांवर आपण बोलतो, गुडघेदुखीवर बोलतो; या विषयावर मात्र कोणी बोलत नाही. म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो.

गेल्या वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी, मला सतत थकवा आणि शारीरिक संबंधांत अडचण जाणवू लागली. सहा महिने बायकोलाही काही सांगितले नाही. तिला वाटले, माझे मनच तिच्यावरून उडाले. स्कोफिल्ड्सहून ट्रेनने ऑफिसला जाताना एका खाजगी क्लिनिकची जाहिरात वाचली आणि रक्त तपासून घेतले, तेही दुपारी, जेवणानंतर. टेस्टोस्टेरॉन कमी निघाले. लगेच इंजेक्शने सुचवण्यात आली.

सुदैवाने आधी आमच्या जीपींकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अजून मूल हवे आहे का?" आम्हाला हवे होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते, कधी पूर्ण थांबते. क्लिनिकने हे सांगितलेच नव्हते.

हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते व जेवणानंतर उतरते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे. माझे दोन्ही आकडे ठीक आले. वाढलेली निघाली ती साखर! ताठरता न येणे ही मधुमेहाची वा हृदयविकाराचीही पूर्वसूचना असू शकते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक, म्हणून दोष तिथे आधी दिसतो. आपण भारतीयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

खरी कमतरता असेल तर जेल किंवा इंजेक्शनने, मुख्यतः इच्छेच्या बाबतीत, गुण येतो. पण रक्त दाट होऊ शकते, म्हणून नियमित तपासणी हवी.

आता खर्चाचे. पीबीएसची सवलत १ एप्रिल २०१५ पासून कडक झाली. पिट्युटरी वा वृषणांचा सिद्ध आजार नसल्यास वय किमान ४० हवे आणि दोन्ही सकाळचे आकडे साधारणपणे ६ नॅनोमोलच्या खाली हवेत. केवळ वय किंवा लठ्ठपणा हे कारण चालत नाही. तज्ज्ञांचा सल्लाही लागतो. बाकीच्यांना सगळा खर्च खिशातून.

माझा उपचार रोजचे चालणे आणि कमी भात एवढाच ठरला. वजन उतरले, साखर उतरली, अडचणही बरीच कमी झाली. पण सर्वांत मोठे ओझे उतरले ते बायकोला सांगितले त्या दिवशी. तेव्हा वाचकहो, जाहिरातीला फोन करण्याआधी घरी बोला आणि जीपींची थोडी लांब वेळ मागून घ्या.