रिओ शहराचे लावलेले अरण्य

वाचकहो, बाग लावावी लागते आणि अरण्य आपोआप उगवते, अशी आपली सर्वांची समजूत असते. ब्राझील देशातील रिओ दि जानेरो या शहराच्या डोक्यावर तिजुका नावाचे जे पर्जन्यारण्य उभे आहे, ते पाहिल्यावर ही समजूत टिकत नाही. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात जे दृश्य दिसते, तेच तेथे दिसते: शेवाळलेले कातळ, वेलींची जाळी, पानापानांतून टपकणारे पाणी. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यातील पुष्कळसा भाग उजाड डोंगर होता, आणि माणसांनी रोपे लावून तो झाकला. हे शहर आणि हे अरण्य मी पाठीवर पडशी टाकून, पायी आणि मिळेल त्या बसने हिंडून पाहिले. रिओ पाहावयाचे तर याच रीतीने, असे माझे मत आहे. मोटारीत बसून जाणाऱ्यास पुतळा दिसतो, समुद्र दिसतो. शहराला पाणी कोठून आले, हे काही दिसत नाही.

माझा मुक्काम सांता तेरेझा या टेकडीवरील एका धर्मशाळावजा वसतिगृहात होता. अशा ठिकाणी एका खोलीत आठ-दहा प्रवासी निजतात आणि खाटा दुमजली असतात. चाळिशी उलटलेल्या धर्मगुरूला वरच्या खाटेवर चढण्याचा सराव राहिलेला नसतो. तो तेथे करावा लागतो. सकाळी टेकडीवरून एक पिवळी ट्राम खाली शहरात जाते. ती ज्या उंच पुलावरून जाते, तो मुळात ट्रामसाठी बांधलेलाच नव्हे. १७५० साली पुरी झालेली ती पाण्याची पाट आहे. एकावर एक अशा दोन ओळींत एकूण बेचाळीस कमानी, आणि त्यांच्या माथ्यावरून कारिओका नदीचे पाणी डोंगरातून शहरातील कारंजांपर्यंत नेले जात असे. ट्राम तीवरून धावू लागली ती १८९६ पासून. रिओचा माणूस स्वतःला ‘कारिओका’ म्हणवतो, ते याच नदीवरून. नदी मात्र आता बहुतेक ठिकाणी रस्त्यांखाली गाडली गेली आहे. नाव उरले आहे.

शहराचे नावही असेच. ‘रिओ दि जानेरो’ म्हणजे जानेवारीची नदी. १५०२ च्या जानेवारीत पोर्तुगीज गलबते येथे आली. प्रत्यक्षात जेथे ती शिरली, तेथे नदी नाही, ग्वानाबारा नावाचा मोठा उपसागर आहे. १ मार्च १५६५ रोजी एस्तासिओ द सा या सरदाराने शहर वसवून ते संत सेबास्तियनच्या नावे अर्पण केले. दोनच वर्षांनी तो स्वतः बाणाची जखम होऊन मेला. संत सेबास्तियनची मूर्ती ज्यांनी आपल्या कपेलात पाहिली आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे.

आपल्या गोव्याशी या शहराचे एक नाते आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. नेपोलियनच्या फौजा पोर्तुगालवर चालून आल्या, तेव्हा लिस्बनचा सारा दरबार गलबतांत बसून निघाला आणि १८०८ च्या मार्च महिन्यात रिओस उतरला. १८२१ पर्यंत तो तेथेच होता. म्हणजे तेरा वर्षे पोर्तुगीज राज्याची राजधानी हेच शहर, आणि पणजीकडे जाणाऱ्या राजाज्ञांचे उगमस्थानही हेच. बसच्या पाट्यांवर आणि देवळांच्या दरवाजांवर ‘नोस्सा सिन्योरा’ हे शब्द वाचताना परदेशात आल्यासारखे वाटत नाही, त्याचे कारण हे असावे.

त्या दरबाराने रिओत उतरल्यावर ज्या देवळात देवाचे उपकार मानले, ते रोझारी मातेचे आणि संत बेनेडिक्टाचे देऊळ काळ्या लोकांच्या बंधुसंघाने उभारलेले होते. १९६७ साली आगीत त्याचे आतील सोनेरी कोरीव काम जळून गेले. भिंती उभ्या आहेत, मिस्सा चालू आहे. तेथून पायी बंदराच्या बाजूस गेले की वालोंगोचा धक्का लागतो. १८११ मध्ये तो बांधला, पुढे त्यावर भर पडून तो दिसेनासा झाला, आणि २०११ मध्ये रस्ताकामाच्या खोदाईत पुन्हा वर आला. आफ्रिकेतून धरून आणलेली सुमारे ९ लाख माणसे या बंदरातून उतरली असावीत, असा अंदाज आहे. सांगण्यासारखे फारसे काही तेथे दिसत नाही. काही ओबडधोबड दगड आहेत, थोडे पाणी साचलेले असते. मी तेथे बराच वेळ बसलो. अरण्याची कथा या दगडांवरून सुरू होते, हे मला त्या वेळी ठाऊक होते, म्हणूनच बसलो.

कथा अशी. रिओच्या मागील डोंगरांवर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीचे मळे पसरले. कॉफीसाठी जंगल तोडले, इमारतींसाठी तोडले, कोळशासाठी तोडले. उघड्या उतारावर पाऊस पडला की तो मातीसह वाहून जातो, मुरत नाही. कोकणातील आणि खानापुराकडील वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. झरे आटू लागले. १८४० नंतरच्या दशकात अवर्षण पडले आणि राजधानीत पिण्याच्या पाण्याची ओरड झाली. तेव्हा सरकारने डोंगरावरील मळे मोबदला देऊन ताब्यात घेण्यास आरंभ केला, आणि १८६१ च्या डिसेंबरात सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारने अरण्य नव्याने लावण्याचा हुकूम काढला.

हे काम मेजर मानुएल गोमेस आर्चर या गृहस्थाकडे आले. तो पुढे १८७४ पर्यंत तेथे राहिला, आणि त्या काळात सुमारे १ लाख रोपे लागली, असे सांगतात. त्याने एकाच जातीच्या झाडांच्या सरळ रांगा लावल्या नाहीत. त्या भागातील नाना जातींची झाडे त्याने मिसळून लावली, शेजारच्या शाबूत जंगलातून रोपे आणली, काही आपल्या मळ्यातून आणली. उरलेले काम बी वाहून नेणाऱ्या पक्ष्यांनी आणि पावसाने केले. आपल्याकडे वनमहोत्सवात निलगिरीच्या रांगा लावून फोटो काढणाऱ्या मंडळींनी दीडशे वर्षांपूर्वीच्या या मेजरचा धडा गिरवावयास हरकत नव्हती.

पण एक लाख रोपे मेजरने स्वतःच्या हाताने लावली नाहीत. कामाच्या आरंभी त्याच्या हाताखाली सहा गुलाम होते. त्यांची नावे कागदोपत्री राहिली आहेत, ती येथे देतो: एलेउतेरिओ, कोन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. पाच पुरुष आणि एक बाई. आडनावे नाहीत. ती बहुधा कोणी विचारलीच नाहीत. ज्यांच्या जातभाईंकडून मळेवाल्यांनी जंगल तोडवून घेतले, त्यांच्याकडूनच सरकारने ते पुन्हा लावून घेतले. शहराच्या कारंजांना पाणी आले, त्यांना स्वातंत्र्य आले नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. आणि धर्मगुरू म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या देशातील मठांपाशीही गुलाम होते. बेनेडिक्ट संघाच्या मठांनी आपले गुलाम मुक्त केले ते १८७१ साली. त्यापूर्वीची तीन शतके कोणत्या आल्तारावर ठेवावयाची?

अरण्यात जाणे अवघड नाही. भुयारी रेल्वेने साएन्स पेन्या स्थानकापर्यंत जावे, तेथून डोंगर चढणारी बस घ्यावी, आणि आल्तो दा बोआ व्हिस्ता येथे उतरावे. समोरच फाटक आहे. आत थोडे चालले की तौने यांचा धबधबा लागतो. त्याच्या शेजारी घर करून राहिलेल्या एका फ्रेंच चित्रकाराचे हे नाव. पुढे एक लहानसे गुलाबी कपेल आहे. आतील चित्रे ब्राझीलचा थोर चित्रकार पोर्तिनारी याची. मुळे सुरक्षित ठिकाणी हलविली असून भिंतीवर प्रती आहेत. यानंतर मात्र माणसे विरळ होतात आणि पायवाटा सुरू होतात. मे ते सप्टेंबर हे महिने त्यातल्या त्यात कोरडे. तरी पडशीत मेणकापड असावे.

सर्वांत उंच शिखर १,०२१ मीटरचे. त्याच्या शेवटच्या खडकात ११७ पायऱ्या कोरून लोखंडी साखळ्या बसविल्या आहेत. १९२० साली बेल्जियमचा राजा पहिला आल्बर्ट पाहुणा म्हणून आला, त्याच्या सोयीसाठी ही तयारी झाली. राजा पट्टीचा गिर्यारोहक होता. त्याने पायऱ्या टाळून खडकावरूनच चढणे पसंत केले, अशी दंतकथा तेथे सांगतात. आम्हा सामान्यांना पायऱ्याच बऱ्या. वर उभे राहिले की एका बाजूस उपसागर, साखरेच्या ढेपेच्या आकाराचा तो प्रसिद्ध सुळका, आणि खाली लाखो घरे. आणि या सर्वांच्या मध्ये हिरवा डोंगर. १९६१ मध्ये हा सारा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. हे अमेझॉनचे जंगल नव्हे, अटलांटिक किनाऱ्याचे. मूळ अटलांटिक अरण्यापैकी आज सुमारे आठवा हिस्सा शिल्लक आहे.

ख्रिस्त तारकाचा पुतळा याच उद्यानात, कोर्कोवादो या ७१० मीटर उंचीच्या कड्यावर आहे. पुतळा ३० मीटर, चौथरा ८ मीटर, आणि १२ ऑक्टोबर १९३१ रोजी तो उघडला गेला. हे सर्वांस ठाऊक असते. त्याच्या अंगावर काय आहे, ते कमी लोकांस ठाऊक असते. सिमेंटच्या देहावर शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाचे हजारो छोटे त्रिकोणी तुकडे बसविलेले आहेत. हे तुकडे कापडाच्या पट्ट्यांवर चिकटविण्याचे काम शहरातील स्त्रियांनी हौसेने केले, आणि करता करता त्यांतील काहींनी तुकड्यांच्या मागील अंगास आपल्या प्रियजनांची नावे लिहून ठेवली. ती नावे आता आत आहेत, पुतळ्याच्या बाजूस. बाहेरून वाचता येत नाहीत.

कोर्कोवादोवर जाण्यास १८८४ पासून दातेरी रुळांची आगगाडी आहे. पुतळ्याचे सामानही तिनेच वर गेले. पडशीवाल्याने मात्र खालील लागे बागेतून निघणारी पायवाट धरावी. चढ अंगावर येतो, एके ठिकाणी साखळी धरून खडक चढावा लागतो, दोन-तीन तास लागतात. वाटमारीचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून एकट्याने जाऊ नये आणि मौल्यवान वस्तू बरोबर नेऊ नयेत.

या वाटेवर मला जे भेटले, त्याची अपेक्षा नव्हती. वाटेच्या दोन्ही अंगांस फणस! बुंध्याला लगडलेले, खाली पडून फुटलेले, गोड वास सुटलेला. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरून ही जात तिकडे नेली. तेथील ‘जाका’ हे नावसुद्धा मल्याळी ‘चक्क’ या शब्दाचे अपत्य आहे. आपण बरका आणि कापा म्हणतो, तसा तेथेही मऊ जाका आणि कठीण जाका असा भेद करतात. परतफेड म्हणून त्या देशाकडून आपल्याला काजू आणि अननस मिळाले, दोन्ही शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आले. गोव्यातील एखाद्या काजूच्या डोंगराला ब्राझीलच्या माणसाने पाहिले, तर त्यालाही माझ्यासारखेच वाटेल.

पण वनरक्षकांना हा पाहुणा नकोसा झाला आहे. जुन्या मळ्यांतून आणि लागवडीतून फणस अरण्यात शिरला. एका फळात शेकडो आठळ्या. त्या झाडाखालीच दाट रुजतात, आणि तेथे देशी रोपाला उजेड मिळत नाही. त्यामुळे उद्यानातील माणसे मोठ्या फणसांची बुंध्याभोवतीची साल कड्यासारखी सोलून किंवा औषध टोचून ती उभ्याउभ्या वाळवितात. परसातल्या फणसाला पहिले फळ आले की शेजारी वाटणाऱ्या आपल्या लोकांना हे पाहवणार नाही. मला पाहवले नाही. तथापि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

दुसरी एक उणीव वरून दिसत नाही. झाडे परत आली, पण शिकारीने नाहीशी झालेली जनावरे आपोआप परतली नाहीत. मोठ्या बियांचे देशी वृक्ष मग पसरावे कसे? म्हणून २०१० पासून अगूटी नावाचा सशाएवढा तपकिरी प्राणी तेथे पुन्हा सोडण्यात आला, २०१५ मध्ये गर्जना करणारी माकडे, २०२० मध्ये कासवे. अगूटीची रीत अशी की, ती मोठ्या बिया दातांत धरून दूर नेते, पुढच्या दिवसांसाठी जमिनीत पुरते, आणि सगळ्याच उकरून काढत नाही. राहिलेल्यांची झाडे होतात. मी बसलो होतो तेथून दहा हातांवर एक आली, पुढचे पाय उचलून बसली आणि फुटलेल्या फळाकडे पाहू लागली. तिला फणसाची आठळीही आवडते.