खाण्याचं वावडं : ओळखायचं कसं, सांभाळायचं कसं?



भुईमूग काढणीच्या दिवसांत एका वस्तीवर गेलो होतो. सगळे ओल्या शेंगा खात बसलेले. चार वर्षांच्या एका पोरानं दोन-तीन दाणे खाल्ले आणि दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. आजी म्हणाली, "पित्त उठलंय, आमसूल लावा." तेवढ्यात पोराला धाप लागली. दारात जीप होती म्हणून ते वेळेवर दवाखान्यात पोचलं. हे नुसतं पित्त नव्हतं, दाण्याचं वावडं होतं. यालाच डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात.

वावडं म्हणजे काय?

रोगजंतूंपासून शरीराची राखण करणारी एक व्यवस्था आपल्या अंगात असते. काही जणांत ही राखण चुकते आणि अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजते. राखणदारानं घरच्याच माणसाला चोर समजून धोपटावं, तसा हा प्रकार. म्हणून एखादा दाणाही त्रासाला पुरतो. दूध, अंडी, भुईमूग, काजू, तीळ, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी यांचं वावडं जास्त आढळतं. आपल्याकडे काहींना हरभऱ्याचंही असतं.

प्रत्येक त्रास वावडं नव्हे

अळू-सुरणानं घसा खवखवतो, तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की त्रास कमी होतो. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगतं, जुलाब होतात, तेव्हा बहुधा दुधातली साखर पचत नसते. अशांना दही-ताक पुष्कळदा चालतं. बुरशी आलेले दाणे मात्र सगळ्यांनाच विषारी. ते खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. आणि गाजर गवत उपटल्यावर अंगाला खाज सुटली, तर दोष जेवणाला देऊ नका.

ओळखायचं कसं?

वावड्याचा त्रास बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत होतो आणि तोच पदार्थ खाल्ला की पुन्हा होतो. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळानं काय झालं, हे वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. ते कातडीची किंवा रक्ताची तपासणी करतील. पण नुसत्या तपासणीवर निकाल लागत नाही, तुमची हकिगतही तितकीच महत्त्वाची. "बघू पुन्हा थोडं देऊन" हा प्रयोग घरी मुळीच करू नका.

धोका दिसला तर

श्वास घरघरणे, आवाज बसणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणे, यांतलं काहीही दिसलं तर :

१. लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.
२. रोग्याला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण चालवू नका.
३. यावर खरा इलाज अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी इथं पुरत नाही.
४. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास उलटू शकतो.

रोजचं सांभाळणं

ज्याचं वावडं ठरलं, तो पदार्थ बंद. दाण्याचं कूट भाजीत, चटणीत, उपासाच्या खिचडीत असतं. घाण्याच्या तेलातही दाण्याचा अंश राहतो. भाजल्यानं दाण्याचा दोष जात नाही. गाईचं दूध सोसत नसेल तर म्हशीचं किंवा शेळीचंही बहुधा सोसत नाही. शाळेत गुरुजींना आणि लग्नकार्यात वाढप्यांना आधी सांगा. पुड्यावरचा मजकूर वाचा.

पण नुसत्या संशयावरून पोराचं दूध-अंडं तोडू नका, पोर खंगेल. दुधा-अंड्याचं वावडं पुष्कळ मुलांत मोठेपणी जातं. दाण्याचं आणि माशांचं बहुधा राहतं. तान्ह्या बाळाला दाणे उशिरा द्यावेत, असं पूर्वी सांगत. २०१५ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात उलटं दिसलं : पहिल्या वर्षातच दाणे सुरू केलेल्या बाळांत वावडं पुष्कळ कमी झालं. मात्र अख्खा दाणा नको, घशात अडकतो. बारीक वाटून, पातळ करून द्या. बाळाला इसब किंवा अंड्याचं वावडं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मंडळी, पिकावर कीड दिसली की आपण आधी कीड ओळखतो, मग औषध मारतो. पोराच्या बाबतीतही तेच करा. हे पत्रक चुलीजवळच्या भिंतीला लावून ठेवा.