आठ तारा आणि दोन यंत्रे

वऱ्हाडातील उन्हाळा हा आपल्या दिनक्रमाचा खरा नियंता आहे. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तीव्र उष्णतेमुळे कलम १४४ लागू केले आणि कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे यांची सोय करण्यास सांगितले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. अशा प्रदेशात वसतिगृहाच्या भिंतीवरील तापमानाचा आकडा शोभेचा नसतो. मुलांना दुपारी मैदानावर सोडायचे की नाही, हे त्यावरून ठरते. असा अंकीय तापमापक पदविकेचे विद्यार्थी थोड्या खर्चात जोडू शकतात. त्याच्या रचनेतील एक मर्म उलगडून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचा विषय इतिहास असला, तरी समोर आलेल्या आकड्याला ‘तू कोठून आलास?’ असे विचारणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे.

या यंत्रात चार घटक असतात. एलएम ३५ हा संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट इतका दाब देतो. म्हणजे ४५ अंशांना ४५० मिलिव्होल्ट. या सलग बदलणाऱ्या दाबाचे आकड्यात रूपांतर एडीसी ०८०४ ही चिप करते. तिला १.२८ व्होल्टचा संदर्भदाब दिला, की तिची एक पायरी १० मिलिव्होल्टची होते आणि ४५ अंशांना ती बरोबर ४५ हाच आकडा देते. हा आकडा ती आठ तारांवर शून्य-एकच्या रूपात मांडते : ००१०११०१. तिसरा घटक सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी फलक. त्यालाही अक्षरे पोहोचवण्यासाठी आठ तारा लागतात. चौथा घटक म्हणजे या सर्वांवर देखरेख करणारा मायक्रोकंट्रोलर.

अडचण येथेच सुरू होते. १९८० मध्ये आलेल्या इंटेल ८०५१ च्या घराण्यातील एटी ८९सी२०५१ या लहान चिपला वीस पाय असतात आणि त्यांपैकी पंधराच देवाणघेवाणीस मिळतात. दोन्ही यंत्रांना स्वतंत्र आठ-आठ तारा दिल्या तर सोळा. शिवाय एडीसीच्या तीन आणि फलकाच्या दोन नियंत्रक तारा, अशा एकूण एकवीस होतात. त्या पंधरांत मावत नाहीत. आठ तारा सामाईक केल्या, तर मात्र तेरांतच काम भागते.

पण एकाच तारेवर दोघे एकदम बोलू लागले तर? मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी ‘शकुंतला’ मार्गाचे उदाहरण घ्यावे. एकेरी रुळावर एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी लागते. दुसरी थांबून राहते. तारांवरील यंत्रालाही असे थांबता आले पाहिजे. त्यासाठी शून्य आणि एक यांखेरीज तिसरी अवस्था योजलेली आहे. या अवस्थेत यंत्र तारेला जोडलेले असूनही विद्युतदृष्ट्या अलिप्त राहते. एडीसी ०८०४ मध्ये ही सोय असते : तिची ‘आरडी’ ही तार शून्यावर आणली तरच ती आठ तारांवर आकडा मांडते, एरवी मौन पाळते. फलकाची ‘आरडब्ल्यू’ तार कायमची जमिनीला जोडली, की तो केवळ ऐकतो, कधीच बोलत नाही. ऐकतो तेही ‘ई’ ही तार वर जाऊन खाली येते त्या क्षणीच. एरवी तारांवर काहीही चालले असो, त्याला देणेघेणे नसते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम ‘डब्ल्यूआर’ तारेला क्षणभर शून्यावर आणून रूपांतर सुरू करावे. ते सुमारे शंभर मायक्रोसेकंदांत पुरे होते, आणि ‘आयएनटीआर’ तार शून्यावर येऊन तशी वर्दी देते. मग मायक्रोकंट्रोलरने आपल्या आठही तारांवर एक लिहावा. त्यानंतर ‘आरडी’ शून्यावर आणून आकडा वाचावा आणि लगेच ‘आरडी’ वर न्यावी. आता तारा मोकळ्या झाल्या. त्यांवर ‘४’ या अंकाचा संकेत ५२ मांडून ‘ई’ची टिचकी द्यावी, थोडे थांबून ‘५’चा संकेत ५३ मांडावा व पुन्हा तसेच करावे.

यातील आठही तारांवर एक लिहिण्याची पायरी निरर्थक वाटते; पण नेमकी तीच गाळली जाते. ८०५१ च्या घराण्यात जी तार शून्यावर सोडलेली असते, तिला चिप स्वतःच खाली ओढून धरते. समोरच्याने एक म्हटला तरी तो शून्यच वाचला जातो. समजा, कार्यक्रमाने शेवटी ‘५’ हा अंक फलकावर पाठवला आहे. तारांवर त्याचा संकेत ५३, म्हणजे ००११०१०१, शिल्लक आहे. आता एडीसी ४५ सांगते. पण ज्या जागी दोहोंकडे एक आहे तेवढेच एक टिकतात आणि वाचले जाते ००१००१०१, म्हणजे ३७. फलकावर ३७ उमटते. पुढच्या फेरीत ‘७’चा संकेत ५५ शिल्लक असतो, तरी उत्तर पुन्हा ३७ येते. आकडा थरथरत नाही, विचित्रही दिसत नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असताना भिंतीवरील यंत्र शांतपणे सदतीस सांगत राहते.

वेडावाकडा आकडा आला तर कोणीही यंत्र उघडून पाहील. संभाव्य वाटणारा चुकीचा आकडा मात्र विश्वासाने वाचला जातो. म्हणून असा तापमापक टांगण्यापूर्वी संवेदक साध्या पाऱ्याच्या तापमापकाशेजारी ठेवून, सकाळी, भर दुपारी आणि रात्री दोन्ही आकडे वहीत नोंदवावेत. एका वेळी जुळले एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या तापमानाला धोका आहे, त्या तापमानाला ते जुळले पाहिजेत. आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांनी हे शिक्षण घेतले आहे, त्यांनी सुटीत येऊन लहानांकडून असा एक तापमापक जोडून घ्यावा आणि ही वही त्यांच्याच हाती सोपवावी. मुले उन्हात जाणार ती त्या आकड्यावर विसंबून. तो तपासण्याची रीतही त्यांना ठाऊक असली पाहिजे.